नखुरडं

अंगठ्याच्या नखाशेजारी कातडीचं एक बारीक सालपट सुटलं होतं. सडाला हात लावला की ते टोचायचं. अक्कानं दोन वेळा तिकडे दुर्लक्ष केलं आणि मग दुसरा हात वैरणीत गुंतलेला असताना ते दातानंच ओढून काढलं. रक्ताचा टिपूस आला. तिनं तो अंगावरच्या कपड्याला पुसला आणि पुढच्या गाईखाली बसली.

पाऊस जोराचा नव्हता, पण थांबतच नव्हता. गोठ्याच्या पत्र्यातून पाणी ठिबकायचं आणि शेण, मूत, चिखल सगळं एक होऊन जायचं. भिजलेल्या वैरणीला आंबूस वास येत होता. कपडे वाळत नव्हते, सरपण पेटत नव्हतं. अक्काचे हात सकाळी ओले व्हायचे ते रात्री अंथरुणावर पडेपर्यंत ओलेच. कास धुवायची, भांडी धुवायची, गोठा धुवायचा. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती आणि नखांच्या मुळाशी कातडी फुगून नेहमीच लालसर असायची. ते तर आता तिला दिसेनासंही झालं होतं. हात म्हणजे असेच असतात, असं तिला वाटायचं.

ती धाकट्या भावाकडे राहायची. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा भाऊ अजून लग्नाचा व्हायचा होता. सगळं गावच तिला अक्का म्हणायचं. भाऊ कधी तिला वेडंवाकडं बोलला नव्हता, भावजयही नाही. पण कोणी बोलायला जागाच राहू नये म्हणून ती उजाडायच्या आत उठायची आणि चारही गाईंच्या धारा एकटी काढायची. धार काढणाऱ्या हाताला कोणी ‘जा’ म्हणत नाही, असा तिचा साधा हिशेब होता. भाऊ दिवसभर लाकडाच्या वखारीत असायचा. भावजय वैरण कापायची, स्वयंपाक बघायची, उरलेल्या वेळात गोठ्यात राबायची. घरात कोणी बसून नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाकडे फारसं बघतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगठा ठणकायला लागला. नखाची एक कड सुजली आणि गरम झाली. मुठीत सड धरून दाबला की कळ पार कोपरापर्यंत जायची. अक्कानं अंगठा बाजूला ठेवून बोटांच्या चिमटीनं धार काढायला घेतली. तांबडीला ते आवडलं नाही. चिमटीनं सड ओढला जातो, आणि ओढलेलं कुठल्या गाईला आवडेल. तिनं एकदा पाय हलवून पाहिला आणि मग सरळ लाथ मारली. बादली कलंडली. दूध चिखलात पसरून क्षणभर पांढरं दिसलं आणि मग चिखलाचंच झालं.

भाऊ दारात दात घासत उभा होता.

“काय झालं अक्का? ती तर कधी लाथ मारत नाही.”

“माशी चावली असेल.”

“एवढ्या पावसात माशी?”

“मग तूच विचार तिला.”

भाऊ हसला आणि तोंड धुवायला गेला. पण जाता जाता म्हणाला, “वखारीत एकजण सांगत होता, धारा काढायचं मशीन येतं म्हणे. नळ्या लावायच्या आणि बटण दाबायचं. बाईमाणूस लागतच नाही.”

तो सहज बोलला होता. अक्कानं बादली उचलली. त्या दिवसापासून तिनं अंगठ्याला चिंधी बांधली आणि कोणी विचारलं की ‘कापलंय जरासं’ म्हणायला लागली.

चिंधी बांधली की बरं वाटायचं, पण तासाभरात ती ओली व्हायची आणि आतली कातडी शिजल्यासारखी मऊ पडायची. शेजारणीनं सांगितलं म्हणून तिनं कणकेचं गरम पोटीस बांधून पाहिलं. ठणका थोडा उतरला आणि परत चढला. मग एका दुपारी गोठ्याच्या कोपऱ्यात बसून तिनं कपडे शिवायची सुई चुलीच्या निखाऱ्यावर धरली आणि सुजेत खुपसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पिवळा थेंब बाहेर आला, त्यामागून रक्त आलं. बरं वाटलं. त्या संध्याकाळी तिनं मुठीनं धार काढली, दातावर दात ठेवून. पण दुसऱ्या दिवशी सूज नखाच्या दुसऱ्या कडेला पोचली होती आणि नखाखालीही काहीतरी पिवळं साचलेलं दिसत होतं.

दूध घेऊन केंद्रावर जायचं कामही तिचंच. हातगाडीवर किटल्या ठेवून ती रांगेत उभी राहिली. पुढे चार माणसं, मागे चार माणसं, सगळी ओळखीची. मापाडी झाकणं उघडून दूध हुंगायचा, ढवळायचा, नमुना काढायचा. तिची पाळी आली. झाकण निघेना, कारण अंगठ्याला जोर लावता येत नव्हता. डाव्या हातानं ओढताना चिंधी सुटली आणि किटलीच्या काठावर पडली.

मापाडी माणूस वाईट नव्हता. त्यानं नुसता हात मागे घेतला.

“अक्का, हे काय?”

“काही नाही. नखुरडं झालंय.”

“याच हातानं धार काढता?”

मागच्या माणसानं आपली किटली पायानं थोडी मागे सरकवली. सिमेंटवर पत्रा घासल्याचा आवाज झाला. कोणीतरी म्हणालं, “आज दुधाला वरून साय दिसतेय.” दोघंतिघं हसली. मापाडी हसला नाही. त्यानं चिंधी लाकडी काडीनं उचलून बाहेर टाकली आणि खालच्या आवाजात म्हणाला, “आजचं मला घेता येणार नाही. आणि तुमचा हात बरा होईपर्यंत धार दुसऱ्या कोणाला तरी काढू द्या. राग मानू नका. हे सगळं एकाच टाकीत जातं.”

तिनं भरलेल्या किटल्या परत फिरवल्या. वाटेत ओढ्याच्या पुलावर थांबून दूध ओतून टाकावं असं तिच्या मनात आलं, म्हणजे निदान घरी भरल्या किटल्या तरी दिसल्या नसत्या. पण हात धजेना. ती घरी आली तेव्हा भावजय दारातच उभी होती. बातमी सायकलवरून पुढे पोचली होती.

“दाखवा,” भावजय म्हणाली.

“अगं, काही नाही ते.”

“वन्सं, दाखवा म्हणते ना.”

अक्कानं हात पुढे केला. अंगठा पिकून टच्च झाला होता. नखाभोवती कातडी चकाकत होती. भावजयीनं मनगट उलटं केलं आणि बाही वर सारली. मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढत गेली होती, कोणी खडूनं ओढावी तशी. तिनं अक्काच्या कपाळाला हात लावला.

“ताप आहे तुम्हाला. कधीपासून?”

“काल रात्री जरा थंडी वाजली.”

“हे येऊ देत वखारीतून, मग जाऊ,” असं म्हणेल या अपेक्षेनं अक्का तिच्याकडे बघत होती. भावजय आत गेली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली, दाराला कडी घातली आणि रस्त्यावर जाऊन भाजीच्या टेम्पोला हात केला. “संध्याकाळच्या धारा?” अक्कानं विचारलं. “काढतील घरधनी. त्यांना दोन हात आहेत,” भावजय म्हणाली.

टेम्पोत चढताना अक्काच्या लक्षात आलं, भावजय उजव्या पायावर भार देत नव्हती. गमबुटाची टाच टेकवत, बोटं वर धरून चढली. कोबीच्या पोत्यांवर दोघी शेजारी बसल्या आणि खड्डा आला की दोघीही एकदमच ओठ चावत होत्या.

दवाखाना म्हणजे पुढे बाकडी टाकलेली एक लांब खोली आणि आत पडद्यामागे टेबल. डॉक्टरबाई वयानं भावजयीएवढीच होती, आवाजानं मात्र मोठी. तिनं दिव्याखाली अंगठा धरला.

“सुई कोणी खुपसली?”

“मीच.”

“गुरांना टोचतात तशी?”

“भाजून घेतली होती.”

“सुई भाजली, कातडी कुठे भाजली? वरची घाण आत गेली.” ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. “हे बघा. नखाच्या मुळाशी कातडीची बारीक कड नखाला चिकटलेली असते. दाराच्या फटीत गोणपाट कोंबतो ना आपण, पाणी आत येऊ नये म्हणून, तशी. ती कड तुटली की फट उघडी. तुम्ही सालपट ओढलंत, तिथून जंतू आत शिरले. आता पू नखाखाली गेलाय आणि ही रेघ सांगतेय की जंतू हाताच्या वाटेनं वर निघालेत. अजून दोन दिवस थांबला असतात तर मी तुम्हाला इथे ठेवूनच घेतलं नसतं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं.”

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सुई दिली तेव्हा अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू अंगठा तिचा राहिला नाही, लाकडाचा झाला. डॉक्टरबाईनं नखाची कड उचलली आणि पू बाहेर आला, सुईनं आला होता त्याच्या कितीतरी पट. नखाचा एक तुकडाही कापून काढावा लागला. भावजय तोंड फिरवेल असं अक्काला वाटलं होतं. ती अक्काचा दुसरा हात धरून सगळं बघत उभी होती.

“गोळ्या सगळ्या संपवायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबायचं नाही. कोमट पाण्यात दिवसातून तीनचारदा हात धरायचा आणि लगेच कोरडा करायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन आत्ताच देते. रेघ वर सरकली किंवा ताप वाढला तर तडक इथे यायचं. हात लोंबकळत ठेवू नका, वर धरा,” डॉक्टरबाई म्हणाली. मग तिनं बाकीची बोटं एकेक करून दाबून पाहिली. नखांवर आडव्या खाचा होत्या, एक नख कडेनं हिरवट झालं होतं, मुळाशी ती चिकटलेली कड कुठेच उरली नव्हती.

“हा अंगठा आठवडा-दोन आठवड्यांत बरा होईल. पण हे बाकीचं जुनं आहे. हे पाण्याचं दुखणं आहे. बोटं कायम ओली, त्यामुळे कड गळून गेली आणि आता आत सतत पाणी झिरपतंय. साखर तपासून घेऊ, पण मला वाटतं हे कामाचंच आहे. याला औषधापेक्षा कोरडेपणा लागतो.”

“किती दिवस?”

“दिवस नाही, महिने. नवं नख पुरतं बाहेर येईपर्यंत. पाण्यात हात घालायचाच नाही. अगदीच नाइलाज झाला तर आतून सुती मोजा आणि वरून रबरी. धारा तर नकोच.”

अक्कानं डॉक्टरबाईकडे पाहिलं. मग पडद्याकडे. ती हळूच म्हणाली, “मग मी करू काय?”

डॉक्टरबाईनं पट्टी बांधली. मग उठता उठता भावजयीच्या पायाकडे बोट केलं. “आणि तुम्ही? केव्हाची एका पायावर उभ्या आहात.”

“माझं काही नाही.”

“या घरात सगळ्यांचं ‘काही नाही’च असतं वाटतं. बूट काढा.”

बूट काढताना भावजय भिंतीला धरून उभी राहिली. मोज्याला अंगठ्यापाशी रक्ताचा आणि पिवळा डाग होता. पायाच्या अंगठ्याचं नख कोपऱ्यात मांसात रुतलं होतं आणि त्यावर लालभडक मांस चढलं होतं. अक्कानं ते पाहिलं. एकाच चुलीपाशी दोघी रोज शेजारी बसत होत्या.

“नख गोल कापता ना, कोपरे खोल घेऊन?” डॉक्टरबाईनं विचारलं.

“टोचतं म्हणून कापते.”

“कापता म्हणून टोचतं. नख सरळ कापायचं, कोपरा मोकळा ठेवायचा. आता कोपऱ्याखाली कापसाची वात सरकवते, ती रोज बदलायची. आणि हे बूट बंद. पुढून उघडं काहीतरी घाला. यानं भागलं नाही तर कड कापावी लागेल.”

बाहेर बाकड्यावर गोळ्यांची वाट बघत दोघी बसल्या. पाऊस पन्हाळीतून पडत होता.

“सांगितलं का नाहीस?” अक्का म्हणाली.

“तुम्ही पहाटे उठून चार चार धारा काढता. तुमच्यासमोर मी कुठल्या तोंडानं म्हणू, माझं नख दुखतंय म्हणून?” भावजय म्हणाली. मग तिनं विचारलं, “आणि तुम्ही?”

“तो मशीनचं बोलत होता,” अक्का म्हणाली.

भावजयीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती हसली नाही आणि समजूतही काढत बसली नाही. “त्यांना वखारीतलं कोणी काय काय सांगतं. परवा विमानाचं सांगत होते,” एवढंच म्हणाली आणि गोळ्यांची पुडी घ्यायला लंगडत उठली.

घरी पोचल्या तेव्हा भाऊ गोठ्यात होता. अंगभर शेण, कपाळावर टेंगूळ, आणि बादलीत जेमतेम बुड झाकेल एवढं दूध. त्यानं अक्काचा हात पाहिला, पट्टी पाहिली, बायकोच्या उघड्या पायाचा अंगठा पाहिला. त्याला खूप काही विचारायचं होतं असं दिसत होतं. “गाई पान्हाच सोडत नाहीत,” तो म्हणाला.

पुढचे दिवस वाईट गेले. अक्काचा ताप उतरला, लाल रेघ फिकट होत पुसली गेली. ती ओसरीवर हात उंच धरून बसायची आणि कोमट पाण्याचं भांडं भावजय समोर ठेवायची. पण गोठ्यात भाऊ आणि भावजय दोघांना मिळूनही चार गाई आटोपत नव्हत्या. भावाला वखारीत उशीर व्हायचा, मुकादमाची बोलणी खावी लागायची. धार अर्धवट राहायची, कासेत दूध साठायचं. एका सकाळी पहिलटकरणीचा, यंदाच पहिल्यांदा व्यालेल्या गाईचा, एक सड दगडासारखा कडक लागला आणि त्यातून दह्यासारख्या गुठळ्या आल्या. अक्का उठून गोठ्यात गेली, पट्टीचा हात तसाच वर धरून, आणि दुसऱ्या हातानं ती कास चाचपली.

“हो बाजूला. मी काढते,” ती म्हणाली.

“नाही,” भाऊ म्हणाला.

“अरे, सड जाईल तिचा.”

“सड जाऊ दे. तुझं बोट गेलं तर कुठून आणू?” तो ओरडला नव्हता, पण गाई दचकल्या. त्यानं बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. “जनावरं चार आणि त्यांची सवय एका हाताची. हे चुकलंच होतं आपलं. दोन देऊन टाकू.”

तो चुकलं म्हणाला, आपलं म्हणाला. अक्काला ते ऐकू आलं, पण त्याहून जास्त ऐकू आलं ते ‘दोन देऊन टाकू’. त्यातली एक तांबडी असणार हे तिला सांगावं लागलं नाही. भरल्या दुधाची तीच होती. आजारी गाय कोण घेतो.

गिऱ्हाईक आलं ते एका दुपारी. जाडजूड माणूस, हातात छत्री, तोंडात सुपारी. त्यानं तांबडीचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “माझ्यासमोर धार काढा. दूध डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी दावं हातात घेत नाही.”

भाऊ बसला. तांबडीनं पाय झाडला. त्यानं पुन्हा हात लावला, तिनं शेपूट तोंडावर मारली. गिऱ्हाइकानं सुपारी थुंकली. “भाकड आहे की काय?”

“भाकड नाही. हाताची सवय आहे तिला,” भाऊ म्हणाला.

“मग तो हात आणा.”

सगळे अक्काकडे बघायला लागले. पट्टी आता लहान झाली होती, नखाच्या जागी गुलाबी ओलसर मांस होतं. अक्का ओसरीवरून उठली. “एक धार काढल्यानं काही होत नाही,” ती म्हणाली आणि पट्टीची गाठ दातानं सोडायला लागली.

भावजयीनं तिच्या हातातून पट्टीचं टोक काढून घेतलं आणि गाठ पुन्हा मारली. “वन्सं, तुम्ही तिच्या तोंडाशी जा,” ती म्हणाली आणि उघड्या चपला बाजूला काढून स्वतः गाईखाली बसली.

अक्का तांबडीच्या पुढ्यात गेली. तिनं डावा हात तिच्या कपाळावर ठेवला, शिंगांच्या मधल्या भोवऱ्यावर, आणि रोजच्यासारखं बोलायला लागली. धार काढताना ती नेहमीच काहीबाही पुटपुटायची, पण पाठीमागून कोणाला कधी ऐकू आलं नव्हतं. “चल गं बाई. मोठी हो. त्या माणसाला दाखव. पोट आहे तुला, वासरू आहे तुला, चल, सोड, सोड.” तांबडीचे कान मागे वळले. खाली बादलीत पहिली धार वाजली, मग थांबली, मग दुसरी. गिऱ्हाईक छत्रीवर रेलून वाकून बघत होतं. बादली भरत गेली. फेस काठापर्यंत आला.

“ठीक आहे,” गिऱ्हाईक म्हणालं.

त्यानं तांबडीचं आणि तिच्या जोडीच्या गाईचं दावं हातात घेतलं तेव्हा अक्का वळून घरात गेली. दोन्ही गाई रस्त्याला लागल्याचं तिनं खिडकीतून पाहिलं नाही. खुरांचा आवाज मात्र पुलापर्यंत येत राहिला. भाऊ त्यांना पोचवायला बरोबर गेला होता. अक्का चुलीपाशी बसून राहिली. करायला काही नव्हतं. भांडी पाण्यात होती, आणि पाण्यात तिला हात घालायचा नव्हता.

संध्याकाळी गोठा फार मोठा दिसायला लागला. दोन खुंटे मोकळे. भावजय पहिलटकरणीखाली बसली होती आणि तिचे चांगले सड दाबत, दुखरा हळूच रिकामा करत होती. धार वेडीवाकडी पडत होती, निम्मी बादलीत, निम्मी तिच्या हातावर. अक्का उंबऱ्याशी उभी होती. तिला राहवलं नाही.

“ओढू नकोस. मूठ वरून खाली बंद करत ये. आधी वरची बोटं, मग खालची.”

भावजयीनं करून पाहिलं.

“अंगठा मुडपू नकोस. उद्या तुलाही होईल माझ्यासारखं. आणि झालं की हात लगेच पूस, बोटांच्या बेचक्यासुद्धा.”

तिनं पुन्हा करून पाहिलं. धार जरा सरळ पडली. गाय मात्र अस्वस्थ होती, मागचा पाय उचलून ठेवत होती. अक्का बोलायची थांबली. तिला वाटलं, काम करणाऱ्याला उभ्या उभ्या शिकवणारी माणसं तिला स्वतःला कधी आवडली नव्हती. हात मोकळे आणि तोंड चालू. ती घरात जायला वळली.

“कुठे निघालात?” भावजयीनं गाईच्या पोटाला डोकं टेकलेल्या अवस्थेतच विचारलं.

“काही नाही. तुला त्रास होतोय माझ्या बडबडीचा.”

“वन्सं, डॉक्टरबाईनं हात कोरडे ठेवायला सांगितलेत, तोंड बंद ठेवायला नाही.” तिनं बादली गुडघ्यांमध्ये घट्ट धरली. “या इथे, पुढ्यात उभ्या राहा हिच्या. आणि बोलत राहा.”

अक्का आली. चिखल वाचवत, पट्टीचा हात छातीशी धरून, ती गाईच्या तोंडाशी उभी राहिली आणि दुसरा हात तिनं तिच्या कपाळावर ठेवला. काय बोलावं ते पटकन सुचेना. इतकी वर्षं ती फक्त गाईंशीच बोलत आली होती, आणि आता ऐकायला माणूस होतं.

“चल गं,” ती शेवटी म्हणाली. “नवी आहे ती. सांभाळून घे तिला.”